डीएनए खरं सांगतो, पण कोणाला विचारून?

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहिला आहे. शेवटी ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं वाक्य टाकलं की मार्क मिळायचे. डीएनएच्या बाबतीत मला ते वाक्य अपुरं वाटतं. ज्याच्यावर वापर होतो, त्याला कोणी विचारलं का? माझा प्रश्न तिथे सुरू होतो.

मी हैदराबादला तारनाक्यात राहते. इथून उप्पलच्या रस्त्याला लागलं की सीसीएमबी ही सरकारी संशोधन संस्था येते. इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं. भारतात हे तंत्र उभं केलं ते सीसीएमबीतल्या लालजी सिंग यांनी, आणि तेही चक्क पट्टेरी मण्यार सापाच्या मदतीने! सापांमध्ये नर-मादी कसे ठरतात याचा अभ्यास करताना त्यांना डीएनएचा एक तुकडा मिळाला. त्याच्यासारखे तुकडे माणसातही असतात आणि दर माणसात त्यांची मांडणी वेगळी असते. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए साधारण ९९.९ टक्के सारखाच असतो. उरलेल्या चिमूटभर फरकात आपली ओळख असते. त्यातलं निम्मं आईकडून येतं, निम्मं वडिलांकडून.

याचा फायदा कोणाला झाला, ते बघा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस केरळमधल्या तेलिचेरीच्या कोर्टात एका बाईने मुलासाठी पोटगी मागितली. समोरचा पुरुष म्हणाला, मूल माझं नाही. लालजी सिंग यांनी तपासणी करून साक्ष दिली आणि तोच बाप ठरला. त्याआधी अशा बाईकडे स्वतःच्या शब्दाशिवाय काय होतं? इंग्लंडमध्ये तर खुनाची कबुली दिलेला १७ वर्षांचा मुलगा याच तपासणीमुळे निर्दोष सुटला. म्हणून डीएनए म्हटलं की नुसतं घाबरणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याच्या बाजूने हा पुरावा उभा राहिला आहे.

पण आता महाराष्ट्रातले दोन खटले शेजारी-शेजारी ठेवून बघा.

पहिला नागपूरच्या एका दांपत्याचा. नवरा म्हणाला, मुलगी माझी नाही. आपल्या पुरावा कायद्याचं कलम ११२ सांगत होतं की लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानायचं; पती-पत्नींचा त्या काळात संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध झालं तरच अपवाद. नागपूरची तपासणी नवऱ्याच्या बाजूने आली. फेरतपासणी हैदराबादच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झाली, उत्तर तेच. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कायद्याचं गृहीतक आणि विज्ञानाने दाखवलेलं सत्य यांत सत्य मोठं. मुलीची पुढची पोटगी थांबली.

दुसरा पुण्याचा. घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने धाकट्या मुलाची डीएनए तपासणी मागितली. फॅमिली कोर्ट हो म्हणालं, हायकोर्टही हो म्हणालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. मूल या दाव्यात पक्षकार नाही, त्याची जनुकीय माहिती ही त्याची खासगी गोष्ट आहे आणि आई-बापाच्या भांडणात त्याला पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असा त्याचा आशय.

दोन्ही ठिकाणी यंत्र तेच, रसायनं तीच. नागपूरच्या निकालाने ज्याच्याकडून पैसे घेतले जात होते त्याला न्याय मिळाला, हे मी नाकारत नाही. पण त्या मुलीचं काय? तिने प्रश्न विचारलाच नव्हता, उत्तर मात्र जन्मभर तिलाच सांभाळायचं आहे. म्हणून मला पुण्याचा निकाल जास्त शहाणपणाचा वाटतो. सत्य शोधता येतं एवढ्यावरून ते शोधायलाच हवं, असं होत नाही.

आणि हे फक्त कोर्टापुरतं नाही. २००९ मध्ये सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनात एक जनुकीय दोष समोर आला. भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांत तो असतो आणि त्यामुळे हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. हे आधी कळलं तर वेळेवर काळजी घेता येईल, हा मोठाच फायदा. पण समजा मी तपासणी केली आणि दोष निघाला, तर माझ्या भावातही तो असण्याची शक्यता मी न विचारताच उघड केली ना? रक्त माझं, पण त्यातली माहिती घरभराची. ती उद्या लग्न जुळवणाऱ्यांच्या किंवा नोकरी देणाऱ्यांच्या हाती लागली तर?

यावर कायदा हवा. डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, संसदीय समितीकडे गेलं आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. दुसरीकडे २०२२ च्या फौजदारी ओळख कायद्यानुसार पोलिसांना जैविक नमुने घेता येतात आणि नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. म्हणजे नमुना घेण्याची सोय झाली, पण देणाऱ्याच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा मागे राहिला.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्या प्रश्नासाठी नमुना घेतला, तेवढाच प्रश्न त्याला विचारावा. काम झालं की तो नष्ट करावा. आणि लहान मुलाची तपासणी करायची वेळ आली, तर त्या मुलाच्या बाजूने बोलणारा एक स्वतंत्र माणूस कोर्टात असावा, आईचाही नाही आणि बापाचाही नाही.

आपल्यापैकी काही जण उद्या प्रयोगशाळेत असतील, काही वकील होतील, बरेच जण आई-बाप होतील. कधी ना कधी एखादा फॉर्म आपल्यापुढे येईल. सही करण्याआधी एवढंच बघा, की त्या कागदावर ज्याचं नाव नाही अशा कोणाचं आयुष्य आपण उघडतो आहोत का.