गुंठा आणि चौरस मीटर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली, तेव्हा तिने एकवीस मैलांचे अंतर तोडले होते. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. आज मुंबईहून ठाणे ३४, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४ किलोमीटर, असाच हिशेब चालतो. मैल गेला म्हणून कोणाचा प्रवास अडला नाही.

या बदलाला १९५६ साली कायद्याचे बळ मिळाले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला. त्यापूर्वीचा गोंधळ आज खरा वाटणार नाही. मण म्हणजे चाळीस शेर, हे सर्वांस मान्य होते. परंतु मुंबईचा मण सुमारे १२.७ किलोग्रॅमचा, तर बंगाली मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा. शब्द एक आणि माल जवळजवळ तिप्पट! अशा व्यवहारात फसतो तो घेणारा किंवा विकणारा गरीब मनुष्य. तागडी ज्याच्या हातात असते, तो सहसा फसत नाही. आज मुरबाडचा शेतकरी असो वा कल्याणचा व्यापारी, दोघांचाही क्विंटल शंभर किलोग्रॅमचाच असतो.

जमीन आणि घर यांचे व्यवहार मात्र अजून दोन भाषांत चालतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत लिहिलेले असते. बोलणी होतात ती गुंठ्यांत. घराच्या करारात चौरस मीटर असतात. भाव सांगतात तो चौरस फुटाचा. वाळू तर ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो. ‘गुंठा म्हणजे हजार फूट’ असे कोणी सहज म्हटले आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली, तर ८९ चौरस फूट, म्हणजे आठ चौरस मीटरांहून अधिक जागा, बोलण्याबोलण्यातच नाहीशी होते. डोंबिवलीत एवढ्या जागेत एका कुटुंबाचे स्वयंपाकघर बसते.

जुन्या मापांची एक सोय मान्य केलीच पाहिजे. शेराचा अच्छेर, अच्छेराचा पावशेर, पावशेराचे नवटाक, असे अर्धे अर्धे करीत जाणे हातातल्या तागडीला सोपे होते. परंतु चाळीस गुंठ्यांचा एकर आणि एकराचे ४३,५६० चौरस फूट, या हिशेबात ती सोय कोठे आहे? शंभर चौरस मीटरांचा एक आर आणि शंभर आरांचा एक हेक्टर. येथे सहावीतील मुलासही केवळ दशांशचिन्ह सरकवावे लागते.

जुने शब्द मरतील, ही भीती अनाठायी आहे. आणे जाऊन इतकी वर्षे लोटली, तरी खरी गोष्ट अजून सोळा आणे खरी असते. भाजीवाला आजही ‘पावशेर’ म्हणतो आणि २५० ग्रॅम तोलून देतो. शब्द राहिला, माप ठरले; यात कोणाचे नुकसान नाही. तोळ्याची गोष्ट थोडी निराळी. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आता पुष्कळ ठिकाणी तो दहा ग्रॅमचा धरतात. म्हणून आजीच्या पाटल्या मोडताना तोळे न विचारता ग्रॅम विचारलेले बरे.

घरांच्या बाबतीतही हेच व्हावे. भाव सांगताना प्रथम चौरस मीटरचा सांगावा. ज्यास हवे त्याने फूट मागाहून विचारावेत. मोजण्याच्या फितीवर बहुधा दोन्ही मापे छापलेली असतात. नव्या घरात खोली मोजताना करारातील आकडा ज्या बाजूशी ताडून पाहता येतो, ती सेंटिमीटरची बाजू वर धरावी.