आधी दगड पाहावा

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदाही आमच्याकडे आरोग्यविषयक लेखच मागितला होता. मधुमेह आणि रक्तदाब यांवर आम्ही याच पृष्ठांतून पूर्वी लिहिले आहे. त्याचा परिणाम कितपत झाला, हे वार्षिक स्नेहभोजनात श्रीखंडाच्या पातेल्याभोवती आम्हांस दरवर्षी दिसतेच. म्हणून या खेपेस औषधे बाजूस ठेवून एका पाथरवटाविषयी लिहिण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. पाथरवट हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजिला आहे. इसामू नोगुची (१९०४–१९८८) यांची गणना विसाव्या शतकातील थोर शिल्पकारांत होते, परंतु त्यांच्या अखेरच्या वीस वर्षांतील काम पाहिल्यावर आम्हांस हाच शब्द अधिक मानाचा वाटतो.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, लाँग आयलंड सिटी येथे, त्यांनी स्वतः उभारलेले संग्रहालय आहे. एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत ते १९८५ साली लोकांसाठी खुले झाले. तळमजल्याच्या पहिल्या दालनाचा काही भाग उघड्या आकाशाखाली आहे, आणि तेथे माणसाहून उंच शिळा उभ्या आहेत. आम्ही प्रथम गेलो त्या दिवशी नुकताच पाऊस पडून गेला होता. खरे सांगावयाचे तर कलेचा विचार आमच्या मनात आलाच नाही. 'अरे, हा तर आपल्याकडचा दगड!' एवढेच मनात आले. सह्याद्री ज्याचा बनला आहे, कार्ले, भाजे आणि अजिंठा येथील लेणी ज्यात कोरली गेली, गावोगावची जाती-पाटे ज्याचे होते, तो काळा पाषाण म्हणजेच बेसॉल्ट. नोगुची यांच्या शिळा जपानातल्या. पण दगडाची जात तीच.

या दगडाचा एक गुण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बेसॉल्टमध्ये लोह असते. उन्हापावसाने ते गंजते आणि दगडावर तांबूस-तपकिरी साल धरते. ती साल फोडली की आत करडा दगड लागतो. टाकीने ठोकून सोडलेला भाग फिकट करडा राहतो, आणि तोच भाग घासून त्यास झिलई दिली की तो काळाभोर होतो. रंगाचा एक थेंब न लावता एकाच शिळेत तीन रंग! नोगुची यांची सारी करामत या तिहींच्या मेळात आहे. शिळेच्या एका अंगाला साल जशीच्या तशी ठेवावयाची, दुसऱ्या अंगाला टाकीचे घाव दिसू द्यावयाचे, आणि मधेच एखादी खोलगट जागा आरशासारखी गुळगुळीत करावयाची. शिळा दुभंगण्यासाठी ओळीने भोके पाडून त्यांत पाचरी ठोकतात. त्या भोकांच्या अर्ध्या पन्हळी कडेला उरतात. इतर शिल्पकार त्या घासून टाकतात. नोगुची यांनी पुष्कळदा त्या राहू दिल्या आहेत.

हे काम एकट्याचे नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. शिकोकू बेटावरील मुरे हे गाव दगडकाम करणाऱ्यांचे. १९६९ पासून नोगुची यांनी तेथे घर व कामाचे आवार केले, आणि पिढीजात दगडकाम करणाऱ्या कुटुंबातील मासातोशी इझुमी यांची साथ त्यांना अखेरपर्यंत लाभली. इझुमी यांचे नाव संग्रहालयाबाहेर फारसे कोणी घेत नाही. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी मात्र धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव दोन हजार वर्षे कोरलेले आहे. या एका बाबतीत प्राचीन काळ अधिक उदार होता, असे म्हणावे लागेल.

आता आमच्या तक्रारीकडे वळतो. नोगुची यांच्यावर लिहिलेले कोणतेही पुस्तक उघडावे, पहिल्या दोन पृष्ठांतच वाक्य येते की पिता जपानी व माता अमेरिकन असल्यामुळे त्यांच्या शिल्पांत पूर्व आणि पश्चिम यांचा संगम झाला आहे. हे वाक्य कौतुकाने लिहिलेले असते. परंतु आमच्या मते हा दगड पाहण्याआधी जन्मदाखला पाहण्याचा प्रकार आहे, आणि नोगुची यांना जन्मभर ज्याने छळले तोच हा रोग, फक्त या वेळी हार घालून आलेला.

त्यांचा जन्म लॉस एंजेलिसचा. पिता योने नोगुची हे जपानी कवी. (१९३८ साली जपानच्या चीनवरील आक्रमणाचे समर्थन करणारी पत्रे यांनीच रवींद्रनाथ ठाकुरांना लिहिली व रवींद्रनाथांनी त्यांना खडसावले, हे काही वाचकांना आठवत असेल.) माता लिओनी गिल्मोर यांच्याशी पित्याने संसार केला नाही. मुलगा अमेरिकेत मातेचे आडनाव लावून शिकला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात होते, तेथेच पुढे काही वर्षांनी हा तरुण वैद्यकाच्या पूर्वतयारीसाठी दाखल झाला. लवकरच तो शिल्पाकडे वळला व त्याने पित्याचे आडनाव घेतले. वैद्यकाचे त्यात नुकसान झाले असे आम्हांस वाटत नाही. १९२७ साली शिष्यवृत्तीवर पॅरिसला जाऊन ब्रांकुशी यांच्या हाताखाली काही महिने त्यांनी दगड कसा ठोकावा याचे धडे घेतले. १९३० साली ते पूर्वेकडे निघाले, तेव्हा पित्याचे पत्र आले की माझे नाव लावून जपानात येऊ नये.

अमेरिकेत काय घडले? १९३४ साली त्यांनी वृक्षाला टांगून मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय माणसाची धातूची आकृती केली. टेक्सासमधील एका खऱ्या घटनेच्या छायाचित्रावरून ती घेतली होती. पुढील वर्षी ती प्रदर्शनात आली, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका नामांकित समीक्षकाने तिची संभावना जपानी माणसाची लहानशी चूक अशा शब्दांत केली. १९४२ साली पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. नोगुची न्यूयॉर्कचे रहिवासी असल्याने त्यांना तो हुकूम लागू नव्हता. तरीही ॲरिझोनातील पोस्टनच्या छावणीत ते आपण होऊन गेले. तेथे बागा व क्रीडांगणे आखावीत, असा त्यांचा बेत होता. एकही बाग झाली नाही. छावणीतील लोकांनाही हे गृहस्थ परकेच वाटले, आणि बाहेर पडण्याची परवानगी मिळावयास नोव्हेंबर उजाडला.

आणि मग हिरोशिमा. वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांच्या पुढाकाराने तेथील शांती उद्यानाजवळच्या दोन पुलांचे कठडे नोगुची यांनी केले. १९५२ साली ते पूर्ण झाले. त्यानंतर अणुबाँबने मृत्यू पावलेल्यांच्या स्मारकाचा आराखडा त्यांनी सादर केला. काळ्या ग्रॅनाइटची जाड कमान, तिचे पाय जमिनीखाली उतरलेले, आणि खाली मृतांच्या नावांसाठी भूमिगत दालन. समितीने तो नाकारला. दगड वाईट होता म्हणून नव्हे, आकृती अशोभनीय होती म्हणूनही नव्हे. शिल्पकार अमेरिकन होता म्हणून. दहा वर्षांपूर्वी जो माणूस जपानी म्हणून छावणीच्या तारेआड होता, तो आता अमेरिकन ठरला. आमच्या वाचकांना या कथेतील न्याय समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

जन्मदाखला मिटवून दगडाकडे पाहिले की काय दिसते, ते आमच्या व्यवसायाच्या अंगाने सांगतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचे 'कूरोस' (१९४४–४५) हे गुलाबी संगमरवराचे उभे शिल्प आहे. उंची पावणेदहा फुटांच्या आसपास. त्या काळी इमारतींना लावावयाच्या संगमरवरी फरश्या न्यूयॉर्कमध्ये स्वस्त मिळत. त्याच कापून हे घडविले आहे. नाव ग्रीक तरुणाच्या मूर्तीचे, पण मूर्ती नाहीच. खांद्याच्या पात्यासारखे, मांडीच्या हाडासारखे तुकडे खाचांतून एकमेकांत अडकविले आहेत. खिळा नाही, चिकटवण नाही. एक तुकडा काढला तर सारे कोसळावे. आयुष्यभर सांधे तपासणाऱ्या आमच्यासारख्यास त्यात मानवदेहाचे एक सत्य दिसले: देह हा जोडलेला नसून तोललेला आहे. हे पूर्वेचे सत्य की पश्चिमेचे?

प्रतीके मात्र त्यांची सर्वच आम्हांस सारखी भावत नाहीत. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयातील खोलगट संगमरवरी अंगणात (१९६०–६४) पिरॅमिड, चक्राकृती व एका कोपऱ्यावर उभा घन, अशी त्रयी आहे. पृथ्वी, सूर्य आणि योगायोग, असा अर्थ शिल्पकारानेच सांगून ठेवला आहे. अर्थ कळला आणि आम्ही थंडपणे पुढे गेलो. उलट क्वीन्सच्या बागेतील 'विहीर' (१९८२) पाहा. जपानी चहागृहाच्या बाहेर हात धुण्यासाठी ठेंगणे दगडी पात्र असते, त्याचा आधार घेऊन बेसॉल्टच्या शिळेच्या माथ्यात खळगा केला आहे. पाणी आतून वर येते, काठोकाठ भरते आणि पातळ पडद्यासारखे चोहोबाजूंनी खाली उतरते. आम्ही ओंजळ पुढे केली नाही, संग्रहालयाचा नियम आहे; पण ते पाणी पाहताना २० मार्च १९२७ चे महाडचे तळे आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. नोगुची यांच्या मनात महाड असण्याचे कारण नाही. पण दगडाने आमची आठवण नाकारली नाही. अर्थ चिकटवून दिलेले प्रतीक अशी जागा ठेवीत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच घरातून येईल. आपले लेखक आजवर सांगत आले की आमचे साहित्य आमच्या जगण्यातून आले आहे, ते जगणे जन्माने वाट्यास आले आहे, आणि ते विसरून आमचे शब्द वाचता येणार नाहीत. मग आता जन्म पाहू नका, असे डॉक्टरसाहेब कसे म्हणतात? आक्षेप खोटा नाही. आम्ही त्यावर बराच विचार केला, आणि उत्तर आम्हांस त्या तपकिरी सालीत सापडले. नोगुची यांनी दगडाचे मूळ लपविले नाही. शिळा कोठल्या मातीत, किती ऋतू पडून होती, हे ती स्वतः सांगते. परंतु साल कोठे ठेवावयाची व किती, हे घडविणाऱ्याने ठरविले. आपला जन्म आपण आपल्या शब्दांत ठेवणे वेगळे आणि दुसऱ्याने तो आपल्या कपाळावर चिठ्ठीसारखा चिकटविणे वेगळे. पहिल्यास आम्ही साहित्य म्हणतो. दुसऱ्याचे नाव वाचकांस ठाऊक आहे.

आम्ही डॉक्टर मंडळी या चिठ्ठीपासून मुक्त आहोत असे कोणी समजू नये. अमेरिकेतील रुग्णालयांत रुग्णाची हकीकत सांगताना वयापाठोपाठ वंश सांगण्याची पद्धत आम्ही तरुणपणी शिकलो आणि पुढे निवासी डॉक्टरांना शिकविलीही. मूत्रपिंडाचे कार्य मोजण्याच्या सूत्रात तर रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास आकडा एका गुणकाने वाढविला जाई. परिणाम असा की मूत्रपिंड आहे त्याहून निरोगी दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागण्यास विलंब होई. मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२१ साली ते सूत्र बदलले. तोवर कित्येक वर्षे आम्हीही तो आकडा निमूटपणे लिहीत होतो, रक्त तेच असताना.

लहानपणी आमच्या वस्तीत जात्या-पाट्याला टाकी लावणारी एक बाई येत असे. डोक्यावर पाटी, पाटीत छिन्नी-हातोडा. ती अंगणात बसून झिजलेल्या पाट्यावर बारीक टिंबांची अशी ओळ उठवी की आम्ही मुले तासभर हलत नसू. एकही टिंब रेषेबाहेर जात नसे. मोबदला म्हणून पसाभर ज्वारी. तिच्या हाताला कोणी कसब म्हटल्याचे आम्हांस आठवत नाही. तो तिच्या जातीचा धंदा, एवढेच सारे म्हणत. क्वीन्समधल्या एका शिळेवर अगदी तसेच घाव दिसले तेव्हा तिचे नावही आपल्याला ठाऊक नाही, हे आमच्या ध्यानात आले.

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या काही कुटुंबांसह आम्ही पुन्हा तेथे गेलो होतो. मोठी माणसे भिंतीवरची माहिती वाचीत उभी राहिली. सहा-सात वर्षांची एक मुलगी मात्र सरळ बागेत गेली, 'विहिरी'भोवती दोनदा फिरली, वाकून पाहिले आणि परत येऊन आम्हांस विचारती झाली, "आजोबा, पाणी कुठून येतं?" आम्ही तिच्यासोबत पुन्हा शिळेपाशी गेलो आणि दोघेही वाकून पाहू लागलो.