‘पुणे ५२’ने नेमकी कोणती निराशा केली?

निखिल महाजन यांचा ‘पुणे ५२’ जानेवारी २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला दशक उलटून गेले. तरीही आमच्याकडे, म्हणजे नांदेड आणि लातूरच्या मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींत, रहस्यपटाचा विषय निघाला की या चित्रपटावर एक वाक्य हमखास फेकले जाते : ‘पात्रांचे हेतूच कळत नाहीत.’ वाक्य उच्चारणारा मग खटला निकाली निघाल्याच्या समाधानात चहाकडे वळतो. आमचे भांडण या वाक्याशी आहे. निराशेशी नव्हे, निराशा आमचीही झाली. पण रोग खरा असला म्हणून निदान खरे ठरत नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ १९९२चा. अमर आपटे (गिरीश कुलकर्णी) हा पुण्यातला खाजगी गुप्तहेर. हा शब्दही त्याला जरा मोठाच होतो. लोकांच्या विवाहबाह्य भानगडींचे पुरावे गोळा करणे हे त्याचे पोटापाण्याचे काम. घरात पैशाची ओढाताण, बायको प्राची (सोनाली कुलकर्णी) कावलेली. नेहा (सई ताम्हणकर) नवऱ्यावर पाळत ठेवण्याचे काम घेऊन येते, अमर तिच्यात गुंततो आणि पाळत ठेवणाराच जाळ्यात सापडतो. शीर्षकातला आकडा पुण्याच्या एका टपाल विभागाचा. पूर्वार्ध घट्ट विणलेला आहे, उत्तरार्ध सुटत जातो, याविषयी आमच्यात दुमत नाही. मतभेद आहे तो ‘का सुटतो’ याविषयी.

हेतू कळले पाहिजेत ही मागणी येते कुठून? रहस्यकथेच्या वाचकाकडून ती आलेली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार किंवा काळा पहाड यांच्या मनाचा तळ शोधत कोणी ती पुस्तके वाचली नाहीत. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) सगळा गुंता सारख्या चेहऱ्याच्या दुसऱ्या स्त्रीमुळे सुटतो. राज खोसला यांनी त्यावरूनच ‘मेरा साया’ (१९६६) केला. त्या उलगड्याने प्रेक्षक इतका तृप्त होतो की कोणी असे का वागले हा प्रश्न दाराबाहेरच राहतो. मागणी आली ती वर्गातून. ‘अमक्याच्या वर्तनामागील हेतू स्पष्ट करा’ हा प्रश्न आम्हीच वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. लातूरचे नाव राज्यभर झाले ते परीक्षेच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे : प्रश्नसंच, सराव, नमुना उत्तर, पुन्हा सराव. गणिताला आणि भौतिकशास्त्राला त्याचा लाभ झाला असेल, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ती रीत समीक्षेत शिरली की कलाकृती परीक्षार्थी होते आणि आपण परीक्षक. ज्या नांदेडात ‘धार आणि काठ’ लिहिणारे नरहर कुरुंदकर शिकवीत होते, तिथे तरी कादंबरीच्या किंवा चित्रपटाच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईने ‘हेतू अस्पष्ट, दोन गुण वजा’ असे लिहिले जाऊ नये.

चित्रपटाचे पाठीराखे मात्र यापेक्षा सरस आहेत असे मानण्याचे कारण नाही. त्यांचे उत्तर तयार असते : हेतू धूसर असणे हाच या प्रकाराचा धर्म, आणि १९९२ हे वर्षच मुळी संभ्रमाचे. १९९१ साली अर्थव्यवस्था खुली झाली, पैशाची हाव मध्यमवर्गाच्या माजघरात आली, अमर तिचा बळी. ऐकायला छान वाटते. पण काळ हा हेतू होऊ शकत नाही. एकाच काळात, एकाच गल्लीत एक माणूस लाच घेतो आणि दुसरा घेत नाही. कथेला या दोघांतला फरक हवा असतो. शिवाय पुण्याची १९९२ सर्वांची नसते. आमच्या भागाला त्यानंतरचे वर्ष आठवते ते ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेमुळे, किल्लारीच्या भूकंपामुळे. ‘त्या काळाने माणसे बदलली’ असे कोणी म्हटले की आम्ही निमूटपणे विचारतो : कुठली माणसे, आणि कोणाच्या काळाने?

आमच्या मते दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. हेतू म्हणजे खुलासा, असे दोघेही धरून चालतात. एकाला तो हवा आहे, दुसऱ्याला नको आहे. हेतूचा खरा पुरावा खुलाशात नसतो. पात्र आपल्या कृतीसाठी काय गमवायला तयार होते, त्यात तो असतो.

उदाहरण आपल्याच भाषेतले आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ (१९७४) आपण ‘राजकीय चित्रपट’ या खणात ठेवून दिला आहे. पण त्याचा सांगाडा पाहा. एक परका माणूस गावात येतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले हा प्रश्न त्याच्या कानावर पडतो आणि तो त्या प्रश्नाच्या मागे लागतो. हा सरळसरळ तपासपट आहे. फरक इतकाच की गुन्हेगार कोण हे रहस्य नाही. हिंदुराव धोंडे पाटलाची (निळू फुले) सत्ता गावावर उघडउघड उभी आहे. रहस्य आहे ते मास्तरांचे (श्रीराम लागू). हा दारूत बुडालेला, थकलेला माणूस एका अनोळखी माणसासाठी इतका का झुरतो? तेंडुलकर त्याचा सविस्तर जमाखर्च देत नाहीत. तरी आमच्यातल्या एकानेही कधी ‘मास्तरांचा हेतू कळला नाही’ अशी तक्रार केली नाही. कारण मास्तर ज्याच्या ओसरीवर बसतात, ज्याची दारू पितात, त्यालाच प्रश्न विचारतात. प्रत्येक प्रश्नाची किंमत आपल्याला दिसते.

मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला ही रचना परकी नाही. १९७८च्या नामांतरविरोधी दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. अशा हत्येत ‘कोणी केले’ हे कोडे गावाला नसते. विचारायचे कोणी आणि विचारल्यावर गावात राहायचे कसे, हा पेच असतो. ‘सामना’ त्या दंगलीच्या चार वर्षे आधीचा. तेव्हा आम्ही कसले भाकीत त्याच्या माथी मारत नाही. एवढेच म्हणतो की गुन्हेगार उघड असलेला तपासपट आमच्या अनुभवाला अधिक जवळचा आहे आणि तपास करणाऱ्याची किंमत हाच तिथला कथाविषय आहे.

योगायोग असा की त्याच १९७४ मध्ये रोमान पोलान्स्कीचा ‘चायनाटाउन’ आला. त्याचा नायक जेक गिट्सही अमर आपटेसारखाच नवरा-बायकोच्या भानगडी खणून पोट भरणारा. एक खोटी बायको त्याला फसवते, तो बाजारात हसे करून घेतो आणि मग लॉस एंजेलिसच्या पाण्याच्या कारस्थानापर्यंत पोचतो. (एप्रिल २०१६ मध्ये ज्यांनी मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिले त्या लातूरकरांना हा चित्रपट वेगळा समजावून द्यावा लागत नाही.) गिट्स मागे का हटत नाही? सुरुवातीला दुखावलेली प्रतिष्ठा, एवढेच. क्षुद्र हेतू. पण त्यापायी त्याचे नाक कापले जाते आणि त्या नाकावरची पट्टी मिरवत तो बराच वेळ पडद्यावर वावरतो. हेतूचे याहून स्पष्ट चित्र आम्हाला सुचत नाही.

आता अमरकडे परत येऊ. पूर्वार्धात तो या कसोटीला उतरतो. घरातल्या प्रसंगांत तो काय गमावत आहे ते क्षणोक्षणी कळते : बायकोचा विश्वास, स्वतःविषयीचा मान, दुसऱ्यांच्या शयनगृहांत डोकावताना स्वतःच्या घरातली ऊब. त्याने पैशासाठी केले की नेहासाठी, हे ठरवण्याची गरजच भासत नाही. उत्तरार्धात मात्र निर्णय त्याच्या हातून निसटतात. त्याच्याभोवती गोष्टी घडू लागतात आणि तो त्यांतून ढकलला जातो. ज्याच्याकडून काही हिसकावून घेतले जाते त्याची दया येते; पण त्याने काही मोजलेले नसते. आमच्या निराशेचे मूळ इथे आहे. दिग्दर्शकाने हेतू लपवला असे नव्हे, त्याने मोजणारा माणूसच कथेतून काढून घेतला आणि त्याच्या जागी वातावरण ठेवले. वातावरण उत्तम आहे, हेही नमूद करतो.

आणि बायकांचे काय? ‘हेतू कळत नाहीत’ म्हणणारे आमचे मित्र अमरविषयी तासभर बोलतात आणि नेहाला ‘मोहात पाडणारी बाई’ या दोन-तीन शब्दांत मोकळे करतात. तिच्याबाबतीत हेतू नसला तरी यांचे काही अडत नाही. बाई म्हटल्यावर मोह हा हेतू गृहीतच! प्राचीची तर आठवणही निघत नाही. वास्तविक या चित्रपटात रोजची किंमत मोजणारे पात्र तेच आहे. परक्यांच्या संसारांतले पुरावे जमवणाऱ्या माणसाच्या संसारात ती राहते, त्याच्या पैशावर आणि त्याच्या गैरहजेरीवर निभावते. तिने ठरवले असते तर या गृहस्थाचा माग काढणे तिला त्याच्यापेक्षा सोपे गेले असते. हे आम्हाला आमच्यातल्याच एका विद्यार्थिनीने सुनावले. प्राचीच्या डोळ्यांनी हा तपास लिहिला गेला असता तर उत्तरार्ध सुटला असता का, हा तिचा प्रश्न. वर्गातल्या निम्म्या जणांनी त्यावर ‘पण तो वेगळा चित्रपट झाला असता’ असे उत्तर दिले. ती म्हणाली, ‘तोच तर झाला नाही.’