ना फार चांगला, ना फार वाईट

अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर १८ मे १९९९ रोजी ‘फ्युचुरामा’ या विनोदी व्यंगचित्र-मालिकेचा ‘हेल इज अदर रोबोट्स’ हा भाग प्रथम दाखविण्यात आला. त्यात नरक आहे, सैतान आहे, प्रवचनकार आहे आणि या साऱ्यांची यथेच्छ टिंगल आहे. ती पाहून कोणा श्रद्धावंताला संताप येईल. माझाही या कथेला विरोध आहे. परंतु तो टिंगलीमुळे नव्हे. याहून कडवट उपहास चर्चने पचविला आहे. माझा विरोध आहे तो कथेच्या अखेरीस दिलेल्या निवाड्याला.

कथा एकतिसाव्या शतकातली. बेंडर या यंत्रमानवाचे मद्य हेच इंधन; त्याला व्यसन जडते ते विजेच्या झटक्यांचे. त्या नशेपायी तो सहकाऱ्यांचे प्राण धोक्यात घालतो. मग पश्चात्तापाने यंत्रमानवांच्या एका पंथात शिरतो, पंथाचे चिन्ह अंगावर डकवून घेतो आणि एकाएकी इतका सोवळा होतो की मित्रांना नकोसा वाटू लागतो. फ्राय आणि लीला त्याला मुद्दाम अटलांटिक सिटी या जुगाराच्या नगरीत नेऊन मद्य, चोरी व वेश्या यांचे आमिष दाखवितात. तो घसरतो, आणि सैतान त्याला नरकात ओढून नेतो. तेथे व्हायोलिन-वादनाची पैज लागते. वादन जमेना असे दिसताच लीला त्याच सोन्याच्या व्हायोलिनने सैतानाला बडविते आणि बेंडर सुटतो. सुटल्यावर तो ठरवितो : यापुढे ना फार चांगले व्हायचे, ना फार वाईट, आपण होतो तसेच राहायचे.

येथे नीट लक्ष द्या. सैतान कथेत उशिरा येतो. त्याचे काम मित्रांनी आधीच उरकलेले असते. नवख्या भक्ताचा उत्साह इतरांना जाचक होतो, हे मान्य. पण त्या जाचावर पुन्हा बाटली पुढे करणे हा कसला उपाय? मित्रांना बेंडरचे कल्याण नको होते, त्यांना आपली करमणूक परत हवी होती. आणि कथा त्यांनाच तारणहार ठरविते! दारू सोडलेल्या माणसाला लग्नाच्या मांडवात ‘एका घोटाने काय होते?’ असे विचारणारेही स्वतःला मित्रच म्हणवतात.

दुसरा अन्याय धर्मावर. बेंडरच्या पंथात पहिल्याच पतनाला कायमचा नरक आहे. परतीची वाट नाही. क्षमा किती वेळा करावी, असे पेत्राने विचारले तेव्हा प्रभूने तो हिशेबच मोडून टाकला. जडलेल्या सवयीमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हे कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही मानले आहे. कृपेविना धर्म रंगवायचा आणि मग धर्म झेपत नाही म्हणायचे, ही लबाडी आहे.

‘होतो तसेच राहू’ हा सल्ला निरोगी माणसाला शहाणपणाचा वाटेल. व्यसनी माणसाचे मात्र ते ‘होतो तसे’च व्यसनाने गिळलेले असते. त्याला मधला मार्ग नसतो. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस चळवळीने हेच ओळखले : ‘थोडी’ नव्हे, मुळीच नाही, आणि तेही एकेका दिवसापुरते.

बेंडरसमोर मी डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट उभा करतो. पोरवयापासून दारूत बुडालेल्या या माणसाने १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, प्रथम केवळ तीन महिन्यांची शपथ घेतली. ती त्याने १९२५ साली मरेपर्यंत पाळली. दारूसाठी त्याने एकदा रस्त्यावरच्या वादकाचे व्हायोलिन चोरले होते, असे त्याच्या चरित्रात सांगतात. शुद्धीवर आल्यावर त्याने त्या वादकाचा शोध घेतला. तो सापडेना, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या. त्याच्या भक्तीचे चिन्ह छातीवर मिरवत नव्हते. अंगावरच्या तपश्चर्येच्या साखळ्या लोकांना दिसल्या त्या मृत्यूनंतरच. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला ‘वंदनीय’ घोषित केले.

तेव्हा मुलांबरोबर ही कथा जरूर पाहा, हसाही; मात्र शेवट होताच बोलायला बसा. आणि घरातल्या कोणी नुकतेच व्यसन सोडले असेल, त्याची अखंड जपमाळ तुम्हांला कंटाळवाणी होत असेल, तर तो कंटाळा सोसा. जुना गमत्या माणूस परत मागू नका.