दहा माणसांच्या घरातील जागरण

सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी, पुढे भुसार मालाचे दुकान व मागे राहते घर अशा वास्तूत दहा माणसांचे एक कुटुंब राहते. थंडी सरता सरता या घरातील दहा महिन्यांच्या मुलीला सर्दी झाली. लहान मुलाची सर्दी कोण मनावर घेतो? चौथ्या रात्री मात्र बाराच्या सुमारास ती किंचाळून उठली आणि पहाटेपर्यंत रडत राहिली. खांद्यावर उभे धरले की थोडी निवे. पाळण्यात ठेवताच पुन्हा तोच आकांत. अंगावर घेतले की दोन घोट पिऊन मान फिरवी.

घरात निदानांची वाण नव्हती. सासूबाईंच्या मते दात येत होते. आजेसासूबाईंनी पोटदुखी ठरवून ओव्याची पुरचुंडी शेकायला घेतली. शेजारून लसूण कढवलेल्या तेलाचा सल्ला आला; या घरात लसूण येत नसल्याने तिळाचे तेल कोमट करण्यात आले. ते कानात पडण्यापूर्वी उजाडले व मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेले, हे फार बरे झाले.

डॉक्टरांनी छोट्या दिव्याच्या उपकरणाने दोन्ही कान पाहिले. उजव्या कानाचा पडदा लाल होऊन बाहेर फुगला होता. मध्यकर्णात जंतुसंसर्ग होऊन पू साठला होता. सहा महिने ते दोन वर्षे या वयात हा आजार अतिशय सामान्य आहे, आणि त्याचे कारण मुलांच्या शरीररचनेतच आहे. पडद्यामागील पोकळीपासून नाकाच्या मागील भागापर्यंत एक बारीक नलिका असते. कानातील हवेचा दाब सांभाळणे व तेथील स्राव बाहेर वाहून नेणे हे तिचे काम. मोठ्या माणसांत ती उतरती असते. तान्ह्या मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने तिला सूज आली की वाट बंद होते, स्राव आत साठतो, त्यात जंतू वाढतात आणि पडद्यावर ताण येतो. आडवे झाल्यावर हा ताण अधिक जाणवतो, म्हणून दिवसा बरी वाटणारी मुले रात्री आक्रोश करतात. चोखताना व गिळतानाही कान दुखतो. दुधाला तोंड फिरवणे हा हट्ट नव्हता, हे त्या दिवशी घराला कळले.

तेलाविषयी डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. पडदा शाबूत असेल तर तेल दुखणाऱ्या जागेपर्यंत पोहोचतच नाही. पडदा फुटला असेल तर ते आत जाऊन अपाय करते. आणि दोन्ही प्रकारांत तपासणाऱ्याला पडदा नीट दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय एका वाक्यात रद्द झालेला आजेसासूबाईंना रुचला नाही. तथापि त्यांनी वाटी बाजूला ठेवली.

वय दोन वर्षांच्या आत आणि वेदना तीव्र, म्हणून दहा दिवसांचे प्रतिजैविक सुरू झाले. (थोड्या मोठ्या मुलांत, लक्षणे सौम्य असल्यास, डॉक्टर कधी कधी दोन-तीन दिवस वाट पाहण्यास सांगतात. ती हयगय नसते. कित्येक मुले प्रतिजैविकाविनाही बरी होतात.) पण प्रतिजैविक पहिल्या दिवशी वेदना थांबवीत नाही. त्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, आणि दोन मात्रांत किमान सहा तासांचे अंतर, असे डॉक्टरांनी बजावले. वजन आठ किलो भरले. मात्रा 120 मिलिग्रॅम, म्हणजे नव्या बाटलीतील पाच मिलिलिटर.

इथवर सारे यथास्थित होते. घोटाळा झाला तो रात्री.

दहा माणसांच्या घरात जागत मात्र एकटी सून होती. पतीला सकाळी दुकान उघडायचे, सासऱ्यांना रक्तदाब, सासूबाईंचे गुडघे. प्रत्येकाचे कारण खरे होते. सुनेलाही सकाळी सहाला उठून दहा जणांच्या स्वयंपाकाला लागायचे होते. परंतु ते कारण म्हणून कोणी मोजले नव्हते. त्या रात्री एकच्या सुमारास भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. रडणे ऐकून सासूबाई उठल्या, त्यांनी मायेने नातीला औषध पाजले, थोपटले आणि त्या परत जाऊन निजल्या. सुनेला झोपू द्यावे म्हणून त्यांनी तिला हाक मारली नाही. अडीच वाजता मुलगी पुन्हा रडू लागली. सून धडपडून उठली. संध्याकाळी सात वाजता दिलेल्या मात्रेला सहा तास उलटून गेले होते. तिने बाटली उघडली, चमचा हातात घेतला, आणि तो ओला लागला.

त्या ओल्या चमच्यानेच दुसरी मात्रा टळली. तिने सासूबाईंना उठवून विचारले. दोघी पाळण्यापाशी बराच वेळ काही न बोलता बसून राहिल्या.

सकाळी हे ऐकून आजोबांनी चष्मा लावला आणि फळीवरील सर्व बाटल्या खाली उतरवल्या. चाळीस वर्षे मालाची वजने व दर ताडून पाहण्याची त्यांची सवय. लसीनंतरच्या तापासाठी पूर्वी आणलेली थेंबांची एक छोटी बाटली तेथेच होती. औषध तेच, रंगही जवळजवळ तोच. नव्या बाटलीवर ‘5 मिलीमध्ये 120 मिग्रॅ’ असे होते, जुनीवर ‘1 मिलीमध्ये 100 मिग्रॅ’. त्यांनी कागदावर त्रैराशिक मांडले. जुन्या बाटलीतून कोणी चमचाभर, म्हणजे पाच मिली, पाजले असते, तर मुलीच्या पोटात 500 मिलिग्रॅम गेले असते. ठरलेल्या मात्रेच्या चौपटीहून अधिक. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत निर्धोक असते, अतिमात्रेत यकृतावर घाला घालते. 250 मिलिग्रॅमची आणखी एक तीव्र बाटली बाजारात मिळते, हे येथे ध्यानात ठेवावे. जुनी बाटली त्याच क्षणी घराबाहेर गेली.

मग आजोबांनी दुकानातून लाल बांधणीची एक कोरी वही मागवली. रकाने पाडले: वेळ, औषध, किती, कोणी दिले, ताप, दूध, किती वेळा लंगोट ओला झाला. वही व बाटल्या एकाच जागी, आणि नोंद केल्याशिवाय झाकण लावायचे नाही. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, त्या कोणाच्या प्रामाणिकपणावरील संशयाने नव्हे; मनुष्य थकतो व चुकतो हे गृहीत धरलेले असते म्हणून. पेढीवर ज्यांचा एक रुपया नोंदीवाचून इकडचा तिकडे होत नाही, त्या घरांत बालकाचे औषध मात्र तोंडी व्यवहारावर चालते, हे नवलच.

रात्रीचीही वाटणी झाली. दहा ते एक सासूबाई, एक ते चार मुलीचे वडील, चारनंतर आजेसासूबाई, कारण त्या त्या वेळी उठतातच. सुनेने पलीकडच्या खोलीत दार लावून निजायचे आणि मूल केवळ पाजण्यापुरते तिच्याकडे न्यायचे. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या आजेसासूबाईंनी स्वतः ठेवला. चौविहार आपण पाळू, अंगावर पाजणाऱ्या मुलीने तहान मारू नये, एवढेच म्हणाल्या. उशीने पाळणा उंच करण्याची सूचना आली होती. तान्ह्या मुलाच्या पाळण्यात उशी ठेवणे धोक्याचे म्हणून ती सोडून दिली. उभे धरायचे ते पूर्ण जाग्या माणसाने, आणि डोळा लागू लागल्यास मूल पाळण्यात उताणे ठेवून दुसऱ्याला उठवायचे, असे ठरले. पहिल्या रात्री सून दाराआडून रडणे ऐकत जागीच होती. दुसऱ्या रात्री ती सलग पाच तास झोपली. दुकान त्या आठवड्यात दोनदा अर्धा तास उशिरा उघडले. गिऱ्हाईक तुटले नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगी हसू लागली, आणि ‘आता कशाला उष्ण औषध’ हा सूर अपेक्षेप्रमाणे निघाला. वहीत दहाही दिवसांच्या तारखा आधीच लिहिलेल्या असल्याने तो तेथेच विरला. रिकामे रकाने व्यापाऱ्याला बघवत नाहीत.

काही गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून लिहिल्या गेल्या. कानामागे सूज येणे वा कान पुढे ढकललेला दिसणे, मान ताठ होणे, मूल निपचित पडणे, लंगोट कोरडा राहणे, औषध सुरू करून दोन-तीन दिवसांतही ताप न हटणे, यांपैकी काहीही झाल्यास रात्र असली तरी थांबायचे नाही. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर घरगुती उपचारात वेळ घालवायचाच नाही. कानातून पू वाहू लागला तर घाबरून कापूस कोंबायचा नाही. पडदा फुटल्यावर वेदना बहुधा कमी होते व छिद्र सहसा आपोआप भरते, मात्र कान कोरडा ठेवून डॉक्टरांना दाखवावे लागते. आडवे निजवून बाटलीने दूध पाजू नये, घरात विडी-सिगारेटचा धूर नसावा. न्यूमोकोकल लस 2021 पासून देशभर सरकारी कार्यक्रमात विनामूल्य मिळते: सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. या मुलीची तिसरी मात्रा सर्दीच्या सबबीवर राहून गेली होती. बरे वाटल्यावर ती देण्यात आली.

तीन आठवड्यांनी पुन्हा कान तपासला. पडद्याची लाली गेली होती, आत थोडा द्रव मात्र अजून होता. तो कित्येकदा तीन महिन्यांपर्यंत राहतो व तोवर ऐकू किंचित कमी येते; त्यापुढे टिकला तर श्रवणचाचणी करावी लागते. वहीच्या अखेरच्या पानावर आजोबांनी त्या तपासणीची तारीख लिहिली आहे, आणि मुलीसोबत कोण जाणार तेही.