मुंगी-माणूस आणि तळेगावचं मॉक ड्रिल

अर्धा माणूस, अर्धी मुंगी पडद्यावर येते, थिएटरातल्या खुर्च्या थरथरतात, पोरं किंचाळतात. जो डांटेचा ‘मॅटिनी’ (१९९३) बघताना आधी नुसतं हसू येतं. मग लक्षात येतं, हा ऑक्टोबर १९६२ आहे. समोर क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आहेत आणि त्या शाळकरी हिरोचा बाप नौदलाच्या जहाजावर. त्याच महिन्यात आपल्याकडे चीनचं युद्ध पेटलं होतं.

मावळात बसून हे बघायची वेगळीच गंमत आहे. समुद्राचा पत्ता नसलेल्या लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे. अणु, जैविक, रासायनिक हल्ल्यात तगून राहायचं कसं, हे शिकवणारं ‘अभेद्य’ केंद्र तिथे २०१९ मध्ये सुरू झालं. आपण भुशी डॅमला भिजायला जातो ते त्याच बाजूने!

७ मे २०२५ ला तळेगावात मॉक ड्रिल झालं, तेव्हा आपण काय केलं? मीम फॉरवर्ड केले. मीसुद्धा. रात्री मात्र ग्रुपवर आलेला ‘हल्ल्याचा’ व्हिडिओ खरा की गेममधला, हे न तपासताच टरकलो. तेही एकेकटे, पांघरुणात. ‘मॅटिनी’तला निर्माता वूल्सी लबाडच, भीती विकूनच पोट भरतो. पण तो सगळ्यांना एकत्र बसवून घाबरवतो आणि दिवे लागले की घरी सोडतो. फोन सोडत नाही.

फिल्म क्लबवाल्यांनो, एका शनिवारी हाच लावा. खुर्च्या हलवायला आम्ही येतो.