पोथी आणि डबा

मराठी घरांत ‘सीपीयू’ हा शब्द दोन-तीन दशके टेबलाखालच्या पत्र्याच्या मोठ्या डब्यासाठी सर्रास वापरला गेला. तंत्रज्ञ या वापराला हसतात, कारण सीपीयू म्हणजे त्या डब्याच्या आत, पंख्याखाली बसवलेला एक लहानसा चौकोन. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र यात हसण्यासारखे काही वाटू नये. अवयवाच्या नावाने अवयवीचा निर्देश करणे ही लक्षणेची जुनीच रीत आहे. आणि लोकांनी ती वापरली याचा अर्थ एवढाच, की डब्याच्या आत काहीतरी आहे व त्याला नाव आहे याची त्यांना जाणीव होती. आता दिवाणखान्यात टीव्हीखाली जी तळहाताएवढी काळी वस्तू असते, तिला घरोघरी नुसते ‘बॉक्स’ म्हणतात. आत काय आहे हे विचारण्याचे कारण उरलेले नाही, आणि बऱ्याचदा ती उघडण्याची सोयही नसते.

हे सारे आठवण्याचे निमित्त घरगुती आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत प्रस्तुत लेखकाने सुटे भाग आणून घरासाठी एक छोटा संगणक जुळवला. स्टाफरूममध्ये त्याची चर्चा झाली तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका म्हणाल्या, “अहो सर, तुम्ही मराठीचे. तयार मिळणारी वस्तू सोडून हा स्क्रू-ड्रायव्हरचा उद्योग तुम्हाला हवाय कशाला?” प्रश्न थट्टेचा होता, पण तो मला थट्टेवारी नेता आला नाही. हा लेख म्हणजे त्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

लहान संगणकाची हौस तशी नवी नाही. १९८१ साली ब्रिटनमध्ये आलेला सिंक्लेअर झेडएक्स ८१ आणि १९८२ सालचा स्पेक्ट्रम हे दोन्ही घरच्या टीव्हीला जोडूनच चालत. त्यांच्यावरचे कार्यक्रम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवले जात, आणि झेडएक्स ८१ तर सुटे भाग घेऊन घरी स्वतः सोल्डर करून जुळवण्यासाठीही मिळत असे. पुढे डबे मोठे झाले. त्यांना पुन्हा लहान करण्याची खटपट सुरू झाली ती २००१ च्या सुमारास, तैवानच्या व्हीआयए कंपनीने मिनी-आयटीएक्स नावाचा अवघा १७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा मदरबोर्ड आणला तेव्हा. २००५ च्या जानेवारीत ॲपलचा मॅक मिनी आला. २०१२ साली ३५ डॉलरचा, क्रेडिट कार्डाएवढा रास्पबेरी पाय आला. सुमारे त्याच वेळी इंटेलने दहा सेंटिमीटरच्या चौरस बोर्डाचा ‘नक’ आणला. २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतले आणि ते काम असुसकडे गेले.

या इतिहासात आकारापेक्षा अधिक लक्षणीय अशी एक गोष्ट आहे. पहिला मॅक मिनी उघडण्यासाठी लोक रंगाऱ्याची पातळ पट्टी कडेने घालत आणि आतली मेमरी बदलत. २०१४ च्या मॅक मिनीत मेमरी बोर्डावर सोल्डर करून पक्की केलेली होती. २०१८ साली ती पुन्हा सुटी झाली आणि २०२० पासून प्रोसेसरच्याच वेष्टनात जाऊन बसली. असे करण्याने वेग वाढतो आणि वीज कमी लागते, हे खरेच आहे. पण विकत घेण्याच्या दिवशी जेवढी मेमरी होती तेवढीच त्या यंत्राच्या अखेरपर्यंत राहणार, हेही त्याच क्षणी ठरून जाते. (रास्पबेरी पाय उघडा, बाळबोध, शिक्षकी बाण्याचा, पण त्याचीही मेमरी पक्कीच. तेव्हा उघडे दिसणारे सारे बदलता येते असे नाही.)

जुळवणीकडे वळू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर – त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते बोलण्यात क्वचितच येते – एका दुकानदाराने माझी यादी वाचून पहिला प्रश्न विचारला : “सर, लहान पाहिजे की थंड पाहिजे, ते आधी ठरवा.” नंतरच्या तीन आठवड्यांत मला जे कळले ते सारे या प्रश्नात होते. मोठ्या कॅबिनेटमध्ये चूक खपून जाते. लहान डब्यात प्रोसेसरवरचा कूलर दोन बोटे उंच निघाला की झाकण बसत नाही. बुटका कूलर घ्यावा तर त्याचा लहान पंखा जास्त फेरे घेतो आणि आवाज करतो. आवाज नको तर कमी तापणारा प्रोसेसर घ्यावा लागतो. तो घेतला की मग अंगचा वीजपुरवठा काढून टाकून लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर चालतो, आणि डबा आणखी लहान होतो. एक शब्द बदलला की सगळी ओळ हलते, हा अनुभव आपल्याला कवितेतून परिचयाचा आहे. इथे तो हातांना येतो, आणि चूक झाली तर बोट कापते.

आवाजाचा मुद्दा वरवर चैनीचा वाटेल. पण दिवाणखान्यातला संगणक हा रात्री दहानंतर गाणे किंवा नाटक ऐकण्यासाठी असतो. तानपुऱ्याच्या खाली पंख्याचा स्वर लागलेला असेल, तर त्या यंत्राचा वेग कितीही असो, त्याचा उपयोग काय? माझ्या डब्यात शेवटी एकच मोठा, संथ पंखा राहिला. तो डब्याच्या बाहेर थोडा डोकावतो. दिसायला बरा नाही.

आता त्यावर वाजवायचे काय, हा प्रश्न. आमच्या कपाटात दोन हजारच्या दशकातल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी आहेत. त्या काळी त्यांना सगळेच नाके मुरडत : चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, अंधाराचा प्रवेश आला की पडद्यावर चौकोनी खपल्या. त्यांच्यानंतर आलेली डीव्हीडी कितीतरी देखणी. पण डीव्हीडीवर प्रदेशाचा अंक असे. भारताचा अंक पाच, अमेरिकेचा एक. संगणकातल्या डीव्हीडी ड्राइव्हवर हा प्रदेश पाचदाच बदलता येई, मग तो कायमचा गोठे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेली डीव्हीडी आणि इथली डीव्हीडी एकाच ड्राइव्हवर आलटून-पालटून पाहू म्हणणाऱ्यांनी हा अनुभव घेतला असेल. व्हीसीडीला असे कोणतेच कुलूप नव्हते. त्यामुळे ज्या तबकडीवर बुरशी चढलेली नाही ती आजही कोणत्याही जुन्या ड्राइव्हमध्ये घालावी, आतली फाइल उचलावी, व्हीएलसीवर लावावी. नाटक सुरू होते. हलक्या प्रतीचे म्हणून ज्याची आपण हेटाळणी केली ते टिकले, आणि उंची होते ते अडून बसले.

यानंतर आमच्या विभागाची गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगताना मला अजूनही बरे वाटत नाही.

१९९० च्या दशकात विभागात आलेल्या लेखक-समीक्षकांची व्याख्याने आम्ही कॅसेटवर घेत असू. पन्नासेक कॅसेट जमल्या. २००३ साली त्या एका दुकानातून ऑडिओ सीडीवर उतरवून घेतल्या आणि विभागासाठी नवा, ‘मल्टिमीडिया’ म्हणून विकला जाणारा संगणक आला, तेव्हा सीडीवरून त्यात भरल्या. भरण्यासाठी संगणकातच असलेली आज्ञावली वापरली. तिच्या पर्यायांत एक चौकट होती : नकलेपासून संरक्षण. तिच्यात खूण आधीच केलेली होती. ती काढायला एक क्षण लागला असता. पण ती चौकट वाचायला कोणी बसले नाही. त्या कामाला आम्ही तिघे होतो, त्यांतला मी एक. २००५ मध्ये कपाट रिकामे करताना, ‘सगळे कॉम्प्युटरवर आहे’ म्हणून कॅसेट रद्दीत गेल्या. २००९ च्या पावसाळ्यात त्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क शाबूत होती. ती दुसऱ्या संगणकाला जोडली, फाइली दिसल्या, नावे दिसली, प्रत्येकीचा आकारही बरोबर होता. आणि वाजवू गेलो की परवाना मागितला जाई. परवाना त्या मेलेल्या यंत्राच्या नावे होता. सीडी शोधल्या, तर बहुतेकींचा वरचा चंदेरी थर सुटलेला. दोन वाजल्या.

एका ग्रामीण कथाकाराने बोलीभाषेतील संवादांवर दोन तास केलेले विवेचन त्यात होते. ते कुठेही छापलेले नाही. त्या फाइली मी अजून टाकून दिलेल्या नाहीत.

आमच्या प्राध्यापिका बाईंचा आक्षेप श्रमविभागणीचा आहे, आणि तो वजनदार आहे. हरिभाऊ आपट्यांना छपाईचे यंत्र चालवता येत होते का, असे त्यांनी मला विचारले. येत असो वा नसो, तो मुद्दाच निराळा आहे. छापखाना बंद पडला म्हणून त्यात छापलेले पुस्तक कोरे होत नाही. पुस्तक एकदा बाहेर आले की ते यंत्राचे ऋण मानत नाही. आपल्या दिवाणखान्यातल्या आणि विभागातल्या यंत्रांचे तसे नाही. तिथे संहिता आणि यंत्र यांची गाठ शेवटपर्यंत सुटत नाही, आणि ती किती घट्ट मारायची हे यंत्र घेताना आपण ठरवत असतो. पाठसंक्रमणाचा अभ्यास ज्या शास्त्रात होतो त्या शास्त्राच्या माणसांनी याकडे ‘इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे काम’ म्हणून पाहावे, हे मला पटत नाही. पोथी आपल्याला माहीत आहे : सुटी पाने, वर-खाली दोन पाट्या, भोवती बासन. एखादे पान वाळवीने खाल्ले तर तेवढेच नव्याने लिहून आत सरकवता येई. आपल्या परंपरेतले कितीतरी ग्रंथ या सुटेपणामुळे आपल्यापर्यंत आले. जुळवलेला संगणक मला त्या जातीचा वाटतो. डिस्क गेली, डिस्क बदला; बोर्ड गेला, डिस्क दुसऱ्या बोर्डाला लावा. मात्र ती फाइल कुलूप नसलेल्या स्वरूपात ठेवलेली हवी, नाहीतर सगळी जुळवणी व्यर्थ. आमच्या त्या हार्ड डिस्कचेच उदाहरण पाहा.

याचा अर्थ प्रत्येकाने स्क्रू-ड्रायव्हर हाती घ्यावा असा काढू नये. माझ्या आईच्या खोलीत टीव्हीच्या मागे खोचलेली एक कांडी आहे. तिच्यावर ती तिच्या मालिका आणि कीर्तने पाहते, आणि तिला दुसरे काही हवे आहे असे मला वाटत नाही. जुने चित्रपट, नाटके, मैफली आज ज्या सहजतेने समोर येतात ती आमच्या विद्यार्थिदशेत कल्पनेतही नव्हती. वेळेचा हिशेब केला तर माझा डबा तयार डब्यापेक्षा महागच पडला. ज्यांना मधला मार्ग हवा त्यांच्यासाठी अर्धजुळणीचे डबे आहेत : बोर्ड आणि प्रोसेसर बसवलेले, मेमरी व डिस्क आपण घालायची. चार स्क्रूंचे काम आहे. विभागासाठी आज काही घ्यायचे झाले तर मी हेच सुचवेन.

घेण्याच्या या व्यवहारात भाषेचाही प्रश्न आहे, आणि तो तरी निःसंशय आपलाच आहे. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या प्रती परत काढून घेतल्या, आवृत्ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत मिळाले. पुस्तकाच्या निवडीतला उपरोध इतका उघड आहे की त्यावर भाष्य करू नये. पण ग्राहकांनी केले होते ते ‘विकत घेणे’ होते का? कॅलिफोर्निया राज्याच्या एका कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून हा प्रश्न विक्रेत्यांपुढे ठेवला आहे : जिथे प्रत्यक्षात केवळ परवाना दिला जातो तिथे ते स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. एका क्रियापदाच्या अर्थासाठी विधिमंडळाला बसावे लागले. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉप, टॅब्लेट यांच्या बरोबरीने ‘अतिलहान आकाराचे’ तयार संगणक परवान्याविना आयात करण्यावर निर्बंधाची अधिसूचना निघाली, तिची अंमलबजावणी लांबली आणि मग सौम्य झाली. त्या निमित्ताने अशा डब्यांना सरकारी दप्तरात नाव मिळाले एवढे खरे. ते नाव घरोघरी पोचण्याची मात्र चिन्हे नाहीत.

माझ्या डब्याकडून सध्या मी एकच काम करून घेतो आहे. वडिलांनी आकाशवाणीवरून टेप केलेल्या कॅसेट उतरवायच्या. जुना डेक दुरुस्त करून आणला. त्याचा रबरी पट्टा वितळून काळा चिकट झाला होता. लहान संगणकाला लाइन-इन नसते, म्हणून यूएसबीची एक छोटी ध्वनिपेटी मध्ये जोडावी लागली. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. सीडीच्या दर्जाने तासाला साधारण ६३५ एमबी होतात, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्यावर येतात. दोन डिस्कवर दोन प्रती ठेवतो, तिसरी भावाकडे.

गेल्या आठवड्यात त्याच प्राध्यापिका बाईंनी टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. “बघा, काही होतंय का,” एवढेच म्हणाल्या. आत अकरा कॅसेट आहेत. एकीवर पेन्सिलीने १९९१ लिहिलेले आहे आणि तिची फीत तुटलेली आहे. आधी ती जोडायची आहे.